इमारतीच्या पाण्यातला लिजिओनेला: सांगली-मिरजेकडच्या इमारतींसाठी धोका जोखण्याची पद्धत

लिजिओनेला या न्यूमोनिया करणाऱ्या जिवाणूवरचे बहुतेक मार्गदर्शन थंड देशांत लिहिले गेले आहे. त्यातला पहिला नियम असा: गार पाणी २० अंश सेल्सिअसच्या खाली ठेवा आणि गरम पाणी ६० अंशांच्या वर साठवा. मे महिन्यात दुपारी सांगलीतल्या कुठल्याही अपार्टमेंटच्या गच्चीवर जाऊन काळ्या टाकीत हात बुडवा. या नियमाचा पहिला अर्धा भाग आपल्याला लागू करता येणार नाही, हे तिथेच कळते.

हा जिवाणू २० ते ४५ अंशांच्या दरम्यान वाढतो आणि ३५च्या आसपास त्याला सगळ्यात मानवते. म्हणजे ज्याला आपण गार पाणी म्हणतो तेही वर्षातला बराच काळ त्याच्या सोयीचेच असते. त्यामुळे आपल्याकडे गीझर-सोलरइतकाच संशय गार पाण्याच्या लाइनवरही घ्यावा लागतो. थंडाव्याची मदत मिळणार नाही असे धरूनच चालायचे, आणि पाणी खेळते राहणे, टाकी स्वच्छ असणे, शेवटच्या नळापर्यंत क्लोरीन पोचणे यांवर भिस्त ठेवायची. पुढची सगळी पद्धत याच हिशेबाने मांडली आहे. सोसायटीचे सेक्रेटरी, लॉजचे मॅनेजर, वसतिगृहाचे रेक्टर, हॉस्पिटलचा मेन्टेनन्स बघणारी माणसे यांना ती स्वतः करता येईल. मोठे हॉस्पिटल किंवा कूलिंग टॉवर (यंत्रांचे तापलेले पाणी हवेत उडवून गार करणारा मनोरा) असलेला कारखाना असेल तर जाणकार बोलवावाच लागेल, पण तो आल्यावर त्याला काय विचारायचे हे तरी माहीत असावे.

आजाराबद्दल जेवढे लागते तेवढे

जुलै १९७६मध्ये फिलाडेल्फियाच्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेचे अधिवेशन झाले आणि त्यानंतर दोनशेहून जास्त लोक न्यूमोनियाने आजारी पडले. त्यातले ३४ दगावले. जानेवारी १९७७मध्ये शास्त्रज्ञ जोसेफ मॅकडेड यांना जिवाणू सापडला आणि संघटनेच्या नावावरून त्याचे नाव पडले.

नद्या, तळी, माती यांत हा जिवाणू थोड्या प्रमाणात असतोच. तिथून तो इमारतीच्या टाकीत येतो, ऊब आणि गाळ मिळाला की वाढतो, आणि शॉवर, फवारा, कूलिंग टॉवर यांतून उडणाऱ्या बारीक तुषारांबरोबर श्वासात जातो. पाणी नीट गिळले तर सहसा काही होत नाही. ठसका लागून तेच पाणी श्वासनलिकेत गेले तर होऊ शकते. माणसाकडून माणसाला तो पसरत नाही असेच धरतात. संसर्गानंतर साधारण २ ते १० दिवसांत, कधी दोन आठवड्यांनीही, ताप, खोकला, अंगदुखी सुरू होते. पेनिसिलीनच्या गटातली औषधे यावर चालत नाहीत, म्हणून डॉक्टरांना संशय येणे महत्त्वाचे. आपल्याकडे न्यूमोनियाच्या रुग्णाची लिजिओनेलासाठी तपासणी क्वचितच होते. ‘आमच्या इमारतीत कधी कोणाला झाला नाही’ या वाक्याला त्यामुळे फारसे वजन देऊ नका.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकू. पाणी पिण्यायोग्य आहे असा जो नेहमीचा रिपोर्ट येतो, तो सांडपाण्याची मिसळ दाखवणाऱ्या कोलिफॉर्म जिवाणूंचा असतो. त्यात लिजिओनेला दिसत नाही. रिपोर्ट चांगला आणि शॉवरमध्ये लिजिओनेला, हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते.

पहिली पायरी: माणूस ठरवा, वही उघडा

एका माणसाच्या नावावर हे काम टाका. कमिटीवर टाकले की कोणाचेच राहत नाही. त्याच्याबरोबर दोघे हवेत: इमारतीचा जुना प्लंबर आणि वॉचमन किंवा पंप चालवणारा. कोणती टाकी कधी भरते, कुठला व्हॉल्व्ह फिरतच नाही, कुठली लाइन मधेच बंद केली हे या दोघांना माहीत असते आणि ते कुठल्याच नकाशात नसते.

साहित्य फार लागत नाही. पाण्यात बुडवायची सळी असलेला डिजिटल थर्मामीटर, क्लोरीन तपासायचा किट, टॉर्च, मोजमाप असलेली बादली, मोबाइलचे घड्याळ आणि एक दोनशेपानी वही.

दुसरी पायरी: पाण्यामागोमाग चालत जा

महापालिकेच्या मीटरपासून सुरुवात करून शेवटच्या शॉवरपर्यंत पाणी ज्या वाटेने जाते त्या वाटेने चाला आणि चालताना रेघोट्या मारत चित्र काढा. सुबक नको. कुठून आले, कुठे साठले, कुठे तापले, कुठे फुटले आणि कुठे संपले एवढे दिसले की झाले. मूळ बिल्डिंग प्लॅनवर विसंबू नका. प्लॅन काढल्यानंतर इमारतीत दहा वेळा तोडफोड झालेली असते.

आधी उगम बघा. आपल्याकडे एकाच टाकीत महापालिकेचे पाणी, बोअर आणि उन्हाळ्यात टँकर असे तिन्ही पडतात. बोअरच्या पाण्याला क्लोरीन अजिबात नसते आणि क्षार भरपूर असतात. टँकरचे पाणी कुठले ते टँकरवालाच जाणे. तीन पाइप एका टाकीत पडत असतील तर तसे लिहा आणि कोणते कधी सोडतात तेही लिहा.

मग टाक्या. खालची टाकी आणि वरच्या टाक्या, प्रत्येकीची क्षमता, झाकण बसते का, ओव्हरफ्लोला जाळी आहे का, ऊन थेट पडते का. दोन टाक्या एकमेकींना जोडलेल्या असतील तर नीट बघा. बऱ्याचदा इनलेट आणि आउटलेट दोन्ही पहिल्याच टाकीला असतात आणि दुसरी नुसती बाजूने भरून राहते. तिच्यातले पाणी जवळजवळ हलतच नाही. झाकण उघडल्यावर दुसरीच्या भिंतीला बोट लावा. बुळबुळीत लागले तर तेच.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो बंद पडलेल्या फाट्यांना. बाथरूमची स्टोअररूम झाली, नळ काढून डमी (बूच) मारली, सोलर बदलला तेव्हा जुनी लाइन तशीच राहिली, तळमजल्यावरच्या दुकानाचे कनेक्शन तोडले. अशा प्रत्येक ठिकाणी भिंतीत पाण्याने भरलेला एक तुकडा राहतो. पाणी कुठेच जात नाही, ऊब आहे, पाइपच्या आतल्या चिकट थरात खायला आहे. तिथे वाढलेला जिवाणू मुख्य लाइनमध्ये पुन्हा पुन्हा येत राहतो. हे फाटे शोधायचे कसे? डक्टमध्ये टॉर्च मारून प्रत्येक टी-जॉइंट मोजा आणि तेवढे नळ आत सापडतात का ते बघा. गरम पाण्याच्या लाइनवर आणखी सोपे आहे: वरून गरम पाणी दहा मिनिटे वाहू द्या आणि पाइपला हात लावत जा. मुख्य पाइप कढत आणि फाटा थोड्या अंतरावरच गार, तर फाटा बंद आहे.

हॉस्पिटलात आणि मोठ्या इमारतींत आग विझवायची लाइन, बागेच्या नळाची लाइन, जनरेटर कुलिंगची लाइन याही त्याच टाकीवर असतात का ते बघा. महिनोन्‌महिने न हललेले पाणी घरगुती लाइनकडे मागे येऊ नये म्हणून तिथे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा.

तिसरी पायरी: थर्मामीटर

हात भाजला म्हणजे पाणी गरम, हा हिशेब इथे चालत नाही. आकडा लिहा.

गार पाणी चार ठिकाणी मोजा: खालची टाकी, वरची टाकी, टाकीला सगळ्यात जवळचा नळ आणि सगळ्यात लांबचा नळ. नळ दोन मिनिटे सोडून मग मोजायचे. एकदा सकाळी सातला आणि एकदा दुपारी तीन-साडेतीनला. दुपारचा आकडा ३०च्या वर गेला तर घाबरायचे कारण नाही, उन्हाळ्यात तो जाणारच. पण टाकीवर सावली करणे, पांढरा रंग देणे, उघडा पाइप झाकणे यांतून तो किती खाली येतो ते तपासण्यासारखे आहे. लांबच्या नळाचे पाणी टाकीपेक्षाही जास्त कोमट निघाले तर गरम पाण्याचा पाइप गार लाइनला चिकटून गेलेला असतो. डक्टमध्ये हे फार दिसते.

गरम पाणी एक मिनिट सोडून मोजा. साठवणीच्या टाकीत ६० अंश आणि नळाशी किमान ५० अंश, हॉस्पिटलमध्ये ५५, हा ब्रिटनमधला दंडक आहे आणि तो आपल्यालाही पाळता येतो. ६० अंशांना हा जिवाणू काही मिनिटांत मरू लागतो. ५०ला वाढत नाही, पण लवकर मरतही नाही. ४०ला मात्र मजेत राहतो.

आता सोलर. आपल्याकडच्या इमारतींत मला सगळ्यात जास्त शंका येते ती इथेच. उन्हाळ्यात सोलरची टाकी ६०-७० अंश सहज गाठते आणि तेव्हा काही प्रश्न नसतो. आषाढ-श्रावणात आठ-आठ दिवस ऊन पडत नाही, तेव्हा तीच टाकी ३५-४० अंशांवर कोमट पाणी घेऊन उभी असते. बिल वाढते म्हणून पाणी विजेवर तापवणाऱ्या बॅकअप कॉइलचे कनेक्शन काढून टाकलेले असते. म्हणजे शंभर-दोनशे, कधी हजार लिटर पाणी जिवाणूच्या अगदी आवडीच्या तापमानाला, तेही क्षार साचलेल्या टाकीत. कॉइल चालू असली तरी ती टाकीच्या मध्यावर असेल तर तिच्या खालचे पाणी कोमटच राहते, म्हणून डिस्प्लेवरचा आकडा बघून समाधान मानू नका. तळाच्या ड्रेन कॉकमधून बादलीभर पाणी काढून मोजा.

पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी सोलरची सगळी टाकी ६०च्या वर नेऊन तासभर तशी ठेवायची सोय हवी. नसेल तर तुमच्या यादीत ती लाल शाईने जाईल. हे करण्यापूर्वी पाइप कोणता आहे ते बघा: सीपीव्हीसी कढत पाणी सहन करतो, साधा पीव्हीसी मऊ पडतो.

६० अंशांचे पाणी अंगावर पडले तर काही सेकंदांत भाजते. लहान मुले, म्हातारी माणसे, मधुमेहाने पायांची संवेदना गेलेले रुग्ण यांच्या बाथरूममध्ये नळाच्या अगदी जवळ तापमान जुळवणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवा. टाकीचे तापमान कमी करून हा प्रश्न सोडवू नका.

चौथी पायरी: पाणी किती दिवस बसते

एक साधा भागाकार करा. घरगुती वापरासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. सोसायटीत प्रत्यक्ष राहणारी माणसे २४ असतील तर दिवसाचा वापर ३,२४० लिटर. खालच्या-वरच्या टाक्यांची मिळून साठवण १८,००० लिटर असेल तर पाणी सरासरी साडेपाच दिवस बसून राहते. पाणी रोज येत असेल तर एक ते दीड दिवसाची साठवण पुरे. पाणी कधी येईल याचा भरवसा नसतो म्हणून लोक जास्त साठवतात आणि ते समजण्यासारखे आहे. तरी बारा महिने सगळ्या टाक्या काठोकाठ भरायची गरज नसते. पाणी नियमित असते त्या महिन्यांत एक टाकी रिकामी करून, वाळवून बंद ठेवता येते.

मग न वापरलेले नळ. रिकामा फ्लॅट, पाहुण्यांची खोली, सुट्टीतले वसतिगृह, बंद वॉर्ड. आठवडाभरात एकदाही न उघडलेला प्रत्येक नळ आणि शॉवर यादीत घ्या. मंगल कार्यालयांचा प्रश्न वेगळाच आहे: चातुर्मासात मुहूर्त नसतात, आणि आषाढी एकादशीला बंद झालेल्या वऱ्हाडाच्या खोल्या तुळशीच्या लग्नानंतरच उघडतात. चार महिने पाइपमध्ये बसलेले पाणी पहिल्या लग्नाच्या दिवशी सकाळी शॉवरमधून थेट वऱ्हाडाच्या तोंडावर येते.

किती वेळ पाणी सोडायचे याचाही हिशेब आहे. एक इंची पाइपच्या एका मीटरमध्ये साधारण अर्धा लिटर पाणी मावते. टाकीपासून नळापर्यंत ३० मीटर असेल तर १५ लिटर. बादलीने मोजून नळ मिनिटाला सहा लिटर सोडत असेल तर जुने पाणी जायला अडीच मिनिटे लागतील. तुमच्या लाइनचा हिशेब करून तोच वेळ वहीत लिहा. ‘थोडा वेळ सोडा’ असे लिहिले की वॉचमन दहा सेकंद सोडतो.

सोडताना तुषार उडवू नका. शॉवरवर प्लास्टिकची पिशवी रबराने घट्ट बांधा, खालचा कोपरा कात्रीने कापा आणि पाणी जमिनीलगत वाहू द्या. संडासातला जेट असेल तर त्याचे टोक बादलीत पाण्याखाली धरा. खिडकी उघडी, आणि काम करणाऱ्याने एन-९५ मास्क लावावा.

पाचवी पायरी: गाळ, गंज आणि क्षार

टाकीच्या तळाशी टॉर्च मारा. महापालिकेच्या पाण्याबरोबर पावसाळ्यात बारीक गाळ येतो, बोअरमुळे पांढरा क्षार बसतो, जुन्या जीआय (जस्ताचा लेप दिलेल्या लोखंडी) पाइपमधून तांबडा गंज सुटतो. या तिन्हींच्या आडोशाला चिकट थर धरतो. लिजिओनेला नुसता त्या थरात बसत नाही, तर तिथल्या अमीबांच्या पोटात शिरून वाढतो, आणि अमीबाच्या आत असताना क्लोरीन त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही. म्हणून आधी घासायचे आणि मग औषध टाकायचे. घाणीवर ओतलेले क्लोरीन घाणीतच खर्च होते.

एक शॉवर खोलून हातात घ्या. भोकांभोवती पांढरी पपडी आणि आत काळपट बुळबुळीत असेल तर इमारतीतल्या बाकीच्या शॉवरांचीही हीच गत समजा. लिंबाच्या सतात भिजवून, घासून, तीन महिन्यांतून एकदा स्वच्छ करायचे. नळाच्या तोंडाची बारीक जाळी विसरू नका.

खालच्या टाकीत माणूस उतरवताना जिवाची काळजी घ्या. बंद टाकीत प्राणवायू कमी असू शकतो. झाकण बराच वेळ उघडे, पंखा लावून हवा खेळती, वर एक माणूस उभा आणि दोरी बांधलेली, याशिवाय कोणालाही आत सोडू नका.

२०१९ आणि २०२१च्या महापुरात पाण्याखाली गेलेल्या कृष्णाकाठच्या इमारतींनी खालच्या टाकीला तेव्हापासून तडे गेले आहेत का, बाहेरचे पाणी झिरपते का, हेही या पायरीत बघावे.

सहावी पायरी: क्लोरीन शेवटच्या नळाला

पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात मुक्त क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर असावे असे म्हटले आहे. मोजायचे मात्र सगळ्यात लांबच्या नळाला. महापालिकेच्या नळाला ०.३ मिळते, खालच्या टाकीत ०.१ आणि तिसऱ्या मजल्यावर शून्य, हे चित्र नेहमीचे. ऊन, गाळ आणि वेळ या तिघांनी ते वाटेत खाल्लेले असते.

गावोगावच्या पाणीपुरवठ्यात ओटी टेस्ट करतात. पाणी पिवळे झाले की क्लोरीन आहे. इथे आकडा हवा, म्हणून गुलाबी रंग येणारा डीपीडी किट घ्या आणि नमुना घेतल्या घेतल्या वाचा. पाण्याचा पीएच आठच्या वर असेल तर क्लोरीनचा जोर कमी होतो. बोअरचे पाणी असेल तर तेही तपासा.

कमी पडले तर वाढवायचा हिशेब: ताज्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असते. १,००० लिटरला ३ ग्रॅम टाकली की १ मिलिग्रॅम प्रति लिटर मिळते. बादलीत कालवून अर्धा तास ठेवा आणि वरची निवळीच टाकीत ओता, खालचा चुना नको. उघड्या पोत्यातली जुनी पावडर निकामी झालेली असते.

सातवी पायरी: तुषार कुठे उडतात

इथे आपल्याकडची एक जमेची बाजू आहे. बादली-तांब्याच्या अंघोळीत शॉवरपेक्षा खूप कमी तुषार उडतात. अशक्त रुग्णाच्या बाथरूममध्ये, शंका मिटेपर्यंत, शॉवर काढून बादली देणे हा उत्तम आणि फुकटचा उपाय आहे.

शॉवर आणि जेट सोडून इमारतीत आणखी काय फवारते ते शोधा. दारातले कारंजे, मंगल कार्यालयातले धुके सोडणारे पंखे, गाड्या धुण्याचा प्रेशर पंप, दातांच्या दवाखान्यातल्या खुर्चीचे पाणी. कारंज्याला शोभेची वस्तू समजून सोडू नका. १९९९मध्ये नेदरलँड्समधल्या बोवेनकार्स्पेल इथल्या फुलांच्या प्रदर्शनात नुसत्या मांडून ठेवलेल्या, चालू असलेल्या व्हर्लपूल टबामधून (पाणी घुसळून बुडबुडे सोडणाऱ्या अंघोळीच्या टबामधून) लागण झाली आणि ३२ माणसे गेली. त्या टबात कोणी उतरले नव्हते.

हॉस्पिटलात ऑक्सिजनच्या बाटलीत, नेब्युलायझरमध्ये आणि बायपॅप या श्वासाला मदत करणाऱ्या यंत्राच्या भांड्यात कोणते पाणी भरतात ते नर्सला विचारा आणि भरताना उभे राहून बघा. नळाचे भरत असतील तर बाकी सगळे बाजूला ठेवून आजच ते थांबवा. तिथे निर्जंतुक पाणीच हवे.

तासगाव-सांगली भागातल्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये अमोनिया कंडेन्सरवरून पाणी सतत पडत असते, साखर कारखान्यांत स्प्रे पाँड आणि टॉवर असतात. अशा ठिकाणी पाणी तीस-पस्तीस अंशांना फिरते, हवेत उडते आणि वाऱ्याबरोबर जाते. फ्रान्सच्या उत्तरेकडे २००३-०४च्या साथीत कूलिंग टॉवरचे तुषार सहा किलोमीटरपर्यंत पोचल्याचे तपासात दिसले. त्यांची तपासणी हा स्वतंत्र विषय आहे. तुमची इमारत अशा ठिकाणाशेजारी असेल तर एवढे करा: वाऱ्याची दिशा आणि तुमच्या एसीचे ताजी हवा घेणारे तोंड कुठे आहे ते लिहा, आणि त्यांच्या मॅनेजरला विचारा की टॉवर वर्षातून दोनदा धुतात का, तुषार अडवणाऱ्या पट्ट्या शाबूत आहेत का, जिवाणूनाशक कोणते वापरतात. हंगाम सुरू करताना, महिनोन्‌महिने साचलेले पाणी आधी काढले का, हा प्रश्न नक्की विचारा.

आठवी पायरी: माणसे

पन्नाशीपुढचे, विडी-सिगारेट ओढणारे, फुप्फुसांचा जुना आजार, मधुमेह, किडनीचा आजार असलेले, कॅन्सरचे उपचार किंवा स्टेरॉइड चालू असलेले. यांतले कोण कुठल्या खोलीत असते ते चित्रावर खुणेने टाका. निरोगी तरुणांच्या वसतिगृहात आणि डायलिसिस सेंटरमध्ये तोच शॉवर सारख्या धोक्याचा नसतो.

सगळे एकत्र करून निर्णय

सल्लागार पंचवीस चौकोनांचा रंगीत तक्ता देतात. छोट्या इमारतीला त्याची गरज नाही असे माझे मत. प्रत्येक नळाला चार प्रश्न विचारा: पाणी २० ते ४५ अंशांत आहे का, ते बसते का, क्लोरीन ०.२पेक्षा कमी आहे का, तुषार अशक्त माणसाच्या नाकाशी उडतात का. चारही ‘हो’ असतील तर लाल, तीन असतील तर पिवळा. आपल्याकडे पहिल्याचे उत्तर बहुतेक वेळा ‘हो’च येणार, म्हणून खरा निवाडा बाकीच्या तीन प्रश्नांवर होतो.

उदाहरण घेऊ. समजा, मिरजेत स्टेशनजवळ तीन मजली लॉज आहे. मिरजेला उत्तर कर्नाटकातून रुग्ण येतात आणि त्यांचे नातेवाईक, कधी डिस्चार्ज मिळालेले रुग्णही, अशा लॉजमध्ये राहतात. लिफ्ट नाही, म्हणून तळमजला आणि पहिला मजला कायम भरलेला, तिसरा मजला बहुतेक रिकामा. गच्चीवर सोलर. दुपारी वरच्या टाकीत ३३ अंश, सोलरच्या तळाशी ४४, पहिल्या मजल्यावरच्या शेवटच्या बाथरूमला गरम पाणी ४१. क्लोरीन मीटरपाशी ०.३, खोल्यांत शून्य. साठवण पाच दिवसांची.

मालकाला वाटेल की तिसरा मजला सगळ्यात धोक्याचा, कारण पाणी तिथे बसते. पण तिथे माणूस नाही. तिसऱ्या मजल्याच्या फाट्यांत वाढलेले जिवाणू त्याच उभ्या पाइपमधून खाली येतात आणि पहिल्या मजल्यावर टाके घातलेल्या माणसाला ४१ अंशांच्या शॉवरमधून मिळतात. म्हणजे लाल खूण पहिल्या मजल्याच्या शॉवरांना, आणि काम तिसऱ्या मजल्यावर आणि गच्चीवर. क्रमही त्यावरून ठरतो. आजच पहिल्या मजल्यावर बादली द्या. आठवड्याभरात तिसऱ्या मजल्याचे सगळे नळ सोडायला लागा आणि सोलरची कॉइल जोडा. महिन्यात टाक्या धुवा, क्लोरीनचा डोस सुरू करा. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या कायमच्या बंदच ठेवायच्या असतील तर त्यांचे फाटे उभ्या पाइपपाशी टी-जॉइंटलगत कापा. नळाच्या जागी डमी मारून काही साधत नाही, भिंतीतला तुकडा तसाच राहतो.

एकदाच जोरदार निर्जंतुकीकरण करायचे असेल तर टाकी घासून झाल्यावर १,००० लिटरला १५० ग्रॅम ताज्या टीसीएलची निवळी टाका. म्हणजे ५० मिलिग्रॅम प्रति लिटर. प्रत्येक नळाला क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी ओढा, बंद करा, तासभर ठेवा, मग सगळे काढून टाका आणि क्लोरीन नेहमीच्या पातळीवर येईपर्यंत स्वच्छ पाणी सोडा. तेवढ्या वेळात कोणीही नळ वापरायचा नाही. प्रत्येक दाराला चिठ्ठी लावा. टीसीएलजवळ ॲसिड किंवा संडास साफ करायचे द्रव चुकूनही नको, विषारी वायू सुटतो.

नमुना प्रयोगशाळेत कधी

वरचे काही न करता आधीच नमुना पाठवणे म्हणजे पैसे वाया घालवणे. एका नळाचा चांगला रिपोर्ट शेजारच्या नळाबद्दल काहीच सांगत नाही. उपाय केल्यावर ते लागू पडले का हे बघायला मात्र तपासणी उपयोगी आहे, आणि हॉस्पिटलला ती नियमित हवी.

एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेला थेट विचारा: आयएसओ ११७३१ पद्धतीने लिजिओनेलाची तपासणी तुमच्या मान्यतेच्या यादीत आहे का? बाटली त्यांच्याकडूनच घ्या, एक लिटरची, निर्जंतुक, आत सोडियम थायोसल्फेट घातलेली. नाहीतर वाटेत क्लोरीन जिवाणू मारत राहते आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो. पहिला नमुना नळ उघडल्या उघडल्या घ्या, दुसरा पाणी सोडून झाल्यावर. पहिल्यात सापडला आणि दुसऱ्यात नाही, तर दोष बहुधा नळाशी किंवा शॉवरमध्ये. दोन्हींत सापडला तर मागे लाइनमध्ये किंवा टाकीत. बाटली ऊन न लागता, थंड डब्यात, शक्यतो २४ तासांत पोचवा. बर्फात गोठवू नका. कल्चरला, म्हणजे जिवाणू वाढवून बघायला, दहा दिवसांपर्यंत लागतात. ब्रिटनच्या मार्गदर्शनात लिटरमागे १०० ते १,००० सीएफयू (जिवाणूंच्या वसाहती) आले तर फेरनमुना आणि उपायांची फेरतपासणी, १,०००च्या वर गेले तर फेरनमुना, उपायांची लगेच फेरतपासणी आणि गरज पडल्यास निर्जंतुकीकरण असे आहे. कॅन्सर, डायलिसिस किंवा आयसीयूच्या वॉर्डात एकही वसाहत सापडली तरी मी ती लाल धरेन.

वही चालू ठेवणे

आठवड्याला न वापरलेले नळ सोडल्याची सही, महिन्याला तापमान आणि क्लोरीन, तीन महिन्यांनी शॉवर, सहा महिन्यांनी टाक्या. जोखीम वर्षातून एकदा नव्याने जोखा, शक्यतो पावसाळा सुरू होण्याआधी. मधे काही बदलले, म्हणजे सोलर नवा बसवला, मजला वाढवला, बोअर जोडली, पुराचे पाणी शिरले, तर वर्षाची वाट बघू नका.

आणि इमारतीत राहून गेलेल्या कोणाला लिजिओनेलाचा न्यूमोनिया झाल्याचे डॉक्टरांकडून कळले, तर घाईघाईने टाक्या धुवायला काढू नका. आधी शॉवर बंद करा, महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवा, आणि त्या खोलीतले, टाकीतले, सोलरच्या तळाचे नमुने घ्या. रुग्णाची लघवीची तपासणी या जिवाणूचा एकच मुख्य प्रकार पकडते; थुंकीतून जिवाणू वाढवला असेल तरच तो इमारतीतल्या जिवाणूशी जुळवून बघता येतो, म्हणून डॉक्टरांना थुंकीचे कल्चर करायची विनंतीही त्याच दिवशी करा. नमुने घेऊन झाल्यावर क्लोरीन टाका.